पानी अजून येऊन राह्यलं

मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, आणि मॅट्रिकला मी इंग्रजीतच नापास झाले होते. तेही एकदा नाही. ही गोष्ट मी कोणत्याच वर्गापासून लपवली नाही. पहिल्या दिवशी हजेरी झाली की सांगूनच टाकायची. मागच्या बाकावरची पोरं त्यामुळं जरा सरसावून बसायची, आणि पुढच्या बाकावरच्या हुशार मुलींचा चेहरा पडायचा. दोन्ही गोष्टी मला आवडायच्या.

अपूर्ण वर्तमानकाळ शिकवायची वेळ आली की मी फळ्याकडं जात नसे. खिडकीशी जाऊन बाहेर जे चाललं असेल ते इंग्रजीत सांगत सुटायची. शिपाई अजून झाडतोय, कुत्रं हळूहळू चाललंय, पाण्याची टाकी आत्ताच भरायला लागलीय. मुख्याध्यापकांना वाटे, बाईंचं डोकं फिरलंय. पण मला तो काळ पुस्तकातून आलाच नव्हता. आमच्या मळ्यात, वांग्याच्या वाफ्यात घोट्याएवढ्या पाण्यात उभी असताना तो मला आला. आणि ज्या माणसाच्या जोडीनं मी तो शिकले, त्याला मराठीत स्वतःची सही करायलासुद्धा दम खावा लागायचा. ते माझे वडील.

आमचा मळा चिखलीपासून कोसभरावर. महाराष्ट्र नवा नवा झाला होता, पण घरात कोणाला कुठले म्हणून विचारलं तर उत्तर वऱ्हाडातले असंच यायचं. विहीर मळ्याच्या एका टोकाला आणि भाजीचे वाफे दुसऱ्या टोकाला. मधे उसाचा एक पट्टा उभा. बाबा विहिरीवर मोट हाकायचे. बैल धावेच्या उतारावरून खाली गेले की पाण्यानं भरलेली चामड्याची मोट वर यायची, दगडी थारोळ्यात रिकामी व्हायची, आणि तिथून पाणी पाटानं माझ्याकडं निघायचं. मी वाफ्यांशी, हातात फावडं. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्याचं उघडायचं. उसामुळं पाणी पाठवणाऱ्याला पोचलेलं पाणी दिसत नसे आणि पाणी घेणाऱ्याला पाठवणारा दिसत नसे. म्हणून आम्ही ओरडायचो.

वऱ्हाडीत ‘येत आहे’ असं कोणी म्हणत नाही, ‘येऊन राह्यलं’ म्हणतात. नुसतं ‘येऊन राह्यलं होऽ’ असं ओरडलं म्हणजे सगळं ठीक. ‘हळू येऊन राह्यलं’ म्हणजे बैल पेंगले, हाका. ‘आताच येऊन राह्यलं’ म्हणजे नवा वाफा लागलाय, दमानं घ्या. आणि ‘अजून येऊन राह्यलं’ म्हणजे वाफा भरायचा बाकी आहे, थांबू नका. एकेका शब्दावर तिकडं बैलांची चाल बदलायची. लहानपणापासून हे ऐकलेलं, त्यामुळं त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नाही.

या कामाचे दोन कायदे होते. पहिला, वाफ्याशी उभं राहणाऱ्यानं गप्प बसायचं नाही. लागोपाठ दोन मोटा रिकाम्या झाल्या आणि इकडून आवाज आला नाही, की बाबा बैल उभे करायचे. आवाज नाही म्हणजे पाट फुटला, नाहीतर पान लागलं. पान लागणं म्हणजे साप चावणं; मळ्यात त्याचं सरळ नाव कोणी घेत नसे. दुसरा कायदा, वाफा काठोकाठ भरल्याशिवाय पाणी पुढच्या वाफ्यात न्यायचं नाही. अर्धा वाफा कोरडा टाकून पुढं जाणाऱ्याला बाबा माळी समजतच नसत. ‘त्यापरीस घरी झोपलेला बरा’, एवढंच म्हणायचे.

दुसऱ्यांदा इंग्रजीत नापास झाल्यावर मामांनी मेहकरकडचं एक स्थळ आणलं. मुलगा वाईट नव्हता. माणसं भली, विहिरीला बारमाही पाणी, माझ्याविषयी त्यांची काही तक्रार नाही. तक्रार माझीच होती. मला बुलढाण्याला जाऊन मास्तरकीचं शिक्षण घ्यायचं होतं, हातात खडू घेऊन उभं राहायचं होतं, आणि त्यासाठी मॅट्रिक पास होणं भाग होतं. बाकीचे विषय निघाले होते. इंग्रजी तेवढं पायात पाय घालून पाडत होतं. मी दोन दिवस जेवले नाही. माझा राग असाच होता, जेवणावर निघायचा, आणि मायला वाटायचं तिच्या हातची भाकर बिघडली.

शेवटी बाबांनी मामांना ओसरीवर बसवून सांगितलं, “अजून एक डाव बसू द्या तिले. हे शेवटचं. पेपरात नंबर आला तं ते शिकन. नाही आला तं तुमी म्हनान तसं करू.”

मामा म्हणाले, “शब्द हाय ना दाजी?”

“हाव. शब्द हाय.”

बाबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. मी आतल्या खोलीत उभी राहून ऐकत होते आणि त्यातला ‘शेवटचं’ हा शब्द तेवढा धरून ठेवला. वर मायनं बजावलं की अभ्यासासाठी ओलीत, म्हणजे भाजीला पाणी देणं, चुकवता येणार नाही, कारण भाजी काही परीक्षेसाठी थांबत नाही. ती खरंच बोलत होती, म्हणून जास्तच राग आला.

चिखलीच्या हायस्कुलात इंग्रजीचे एक मास्तर होते. पुण्याकडचे, एकटेच राहायचे, बाजाराच्या मागच्या गल्लीत भाड्याची खोली. आठवडी बाजाराच्या दिवशी माय भाजीचं दुकान मांडून बसली की मी वही घेऊन त्यांच्या ओट्यावर जायची. ते काही घेत नसत. माय मेथीची जुडी आणि सांभाराच्या चार काड्या पाठवायची, त्यावर ते म्हणायचे, “कोथिंबीर म्हण गं, सांभार नव्हे,” आणि जुडी मात्र नीट आत नेऊन ठेवायचे.

माझं दुखणं त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. ‘इज’ आणि ‘कमिंग’ मला येत होतं. पण नाउ, स्टिल, ऑलवेज, जस्ट, स्लोली ही सगळी बारकी मंडळी वाक्यात कुठं बसवायची ते मला कळत नव्हतं. क्रियाविशेषणाचे नियम पाठ होते, पण पेपर समोर आला की मी त्यांना लग्नातल्या पाहुण्यांसारखी जागा मिळेल तिथं कोंबायची. ‘स्टिल ही नाउ इज वॉकिंग स्लोली ऑलवेज’ असं एक वाक्य मी खरंच लिहिलं होतं. मास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला.

“वही मीट,” ते म्हणाले. “तू घरी काय काम करतेस?”

“ओलीत करतो आमी. मी वाफ्यावर असते.”

“मग वाफ्यात पाणी येत असेल तेव्हा मराठीत काय म्हणतेस?”

मला सांगायची लाज वाटली. शेवटी खाली मान घालून म्हणाले, “पानी येऊन राह्यलं.”

ते हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. मी वही उचलली आणि निघाले. वऱ्हाडी बोललं की पुण्याची माणसं हसतात हे मी ऐकून होते, पण माझ्या मायची मेथी आत ठेवून वर हसतील असं वाटलं नव्हतं. मी पायरी उतरते तोच त्यांनी मागून विचारलं, “अगं थांब. ‘राह्यलं’ म्हणजे काय? कोण राह्यलं?”

मी रागातच वळून सांगितलं, “पानी. आलं अन् थांबलं नाही, येतच राह्यलं. तुमी ‘येते’ म्हनता तवा ते रोज येते का आता येते, काय समजते? आमचं पाहाल्याबिगर बोलताच येत नाही.”

त्यांनी ओट्यावरची जागा हातानं झाडली. मग म्हणाले, “बस. मी हसायला नको होतं.” आणि पुढं म्हणाले, “जे मुलांच्या डोक्यात घालायला मला पंधरा दिवस लागतात, ते तुमच्या मळ्यात रोज सहज बोलतात. वहीत काही लिहू नकोस. मळ्यात जा आणि जे चाललं असेल ते तिथंच उभी राहून इंग्रजीत बोल. डोळ्यांसमोर चाललेलंच बोलायचं, दुसरं काही नाही.” एवढा शिकलेला माणूस माझी माफी मागतो याचंच मला दिवसभर नवल वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाफ्यात उभी राहून सुरुवात केली. आधी मनातल्या मनात. पाणी पाटाच्या वळणावर चमकलं, काडीकचरा पुढं ढकलत आलं, वांग्याच्या पहिल्या झाडाच्या बुंध्याशी फिरलं. वॉटर इज कमिंग. बरोबर. वॉटर इज कमिंग स्लोली. हेही बरोबर, स्लोली शेवटी. मग वाफा भरत राहिला आणि मला ‘अजून’ म्हणायचं होतं. स्टिल वॉटर इज? वॉटर स्टिल इज? वॉटर इज कमिंग स्टिल? मी फावड्यावर हनुवटी टेकून विचार करत राहिले. किती वेळ गेला कोणास ठाऊक.

भानावर आले ती उसाची पानं खसखसली तेव्हा. बाबा उसातून आडवे धावत आले होते. हातात काठी, मुंडासं सुटलेलं, गालावर पानांनी कापल्याच्या रेघा. ते आधी माझ्या पायांकडं बघत होते, मग वाफ्याच्या कडेकडं, मग परत पायांकडं.

“कुठी लागलं?” ते म्हणाले. त्यांचा आवाज मी ओळखलाच नाही.

“काई नाही लागलं बाबा.”

“मंग आवाज काऊन नाही?”

मी म्हणाले, “इंग्रजीचा इचार करून राह्यली होती.”

त्यांनी काठी खाली टाकली आणि बांधावर बसले. आता शिव्या खाव्या लागणार असं मला वाटलं, आणि त्या मी मुकाट्यानं खाल्ल्या असत्या. पण ते नुसते दम खात बसले. मागं वाफा फुटून पाणी सांभारात शिरलं होतं, तिकडंही त्यांनी पाहिलं नाही. मग म्हणाले, “इंग्रजीत ओरडाचं तं इंग्रजीत ओरड. चुकलं तरी चालन. पन गप नको राहू, बाई.”

एवढं बोलून ते उसाला वळसा घालून गेले. आणि मी ओरडायला लागले.

मळ्यात इंग्रजी ओरडणारी बाई त्या भागात कोणी पाहिली नव्हती. रस्त्यानं जाणारे थांबायचे. माय म्हणायची, पोरीले बाहेरचं झालं का पाहा. बाबांना मात्र पहिल्या दिवसापासून काही अडचण आली नाही, आणि याचं आश्चर्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. मी ‘वॉटर इज कमिंग स्लोली’ असं ओरडले की तिकडून बैलांना हाक ऐकू यायची, आणि थोड्या वेळानं पाटातलं पाणी खरोखर वाढायचं. मी ‘वॉटर इज जस्ट कमिंग’ म्हटलं की पाणी दमानं यायचं. मी एक अक्षर समजावलं नव्हतं. माझ्या तोंडून निघालेला परक्या मुलखातला एक शब्द उसावरून पलीकडं जातो, बैलांच्या पायांत उतरतो आणि पाणी होऊन माझ्या पायांशी परत येतो, हे पाहून माझ्या अंगावर काटा यायचा. पुस्तकातलं इंग्रजी कधी काही हलवत नव्हतं. हे हलवत होतं.

मी विचारलं, तुमाले कसं समजते? ते म्हणाले, “त्यात काय समजाचं? तू जे बोलते ते पानीच बोलते.”

हळूहळू तेही बोलायला लागले. दुपारी बैल सोडून आम्ही आंब्याखाली भाकरी खायला बसलो की ते एकेक शब्द मागायचे. स्लोलीला ते इस्लोली म्हणायचे, स्टिलला इस्टिल. इस्टिल हा त्यांचा आवडता. ऑलवेजही त्यांनी लगेच उचलला, कारण मी सांगितलं की चालू काळात ऑलवेज घातलं की त्यात जरा तक्रार येते, अमका सारखा उशिरा येतो, तमकी सारखी बडबडते. बाबा घास थांबवून म्हणाले, “तुही माय इज ऑलवेज बोलून राह्यली.” माय पलीकडंच बसली होती. तिला अर्थ कोणी सांगितला नाही, पण तिनं त्या दिवशी त्यांना दुसरी भाकर वाढली नाही.

एकदा त्यांनी विचारलं, “इस्लोली मागून येते अन् इस्टिल मदी घुसते. असं काऊन?”

मी नियम सांगितला, तो त्यांना पटला नाही. ते भाकरीचा तुकडा हातात धरून पाटाकडं बघत राहिले. मग म्हणाले, “आसं आसन पाय. आदी पानी येते, मंग ते हळू येते का जोरात ते आपल्याले दिसते. म्हनून इस्लोली मागून. अन् इस्टिल काई दिसत नाही. ते त्या येन्याच्या आतच रायते. आत हाय तवरोक पानी चालू.”

पुढच्या बाजाराला मी हे मास्तरांना जसंच्या तसं सांगितलं. ते उभे होते, ते खाली बसले. “हे कोणी सांगितलं?” मी म्हटलं, बाबांनी. “किती शिकलेत?” मी म्हटलं, मोट हाकतात. त्यांनी माझ्याच वहीच्या पाठीमागच्या कोऱ्या पानावर बाबांचं वाक्य उतरवून घेतलं, आमच्या भाषेत, एकही शब्द न सुधारता, आणि ते पान फाडून स्वतःजवळ ठेवलं. मला तेव्हा पहिल्यांदा बाबांचा अभिमान वाटला असं म्हटलं तर खोटं होईल, पण त्या दिवशीसारखा कधी वाटला नव्हता.

परीक्षा बुलढाण्याला होती. एस.टी.नं गेले. पेपर हातात आला आणि मी बघते तो पाच वाक्यं रिकाम्या जागांची, प्रत्येकात इज किंवा आर, आणि कंसात एकेक बारका शब्द. माझा हात थांबला नाही. डोळे मिटले की पाट दिसायचा आणि प्रत्येक शब्द आपल्या जागी जाऊन बसायचा. मग निबंध आला: शेतातली सकाळ. मला हसू फुटलं. पर्यवेक्षकांनी माझ्याकडं रोखून पाहिलं.

मी लिहायला लागले. आणि इथं मी अशी चूक केली की जी माळ्याच्या पोरीशिवाय कोणी करणार नाही. माझ्या निबंधात पाणी पहिल्या वाफ्याशी आलं. वॉटर इज जस्ट कमिंग. मग हळू आलं, मग जोरात आलं. मग वांग्याच्या एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत गेलं, आणि प्रत्येक झाडाशी मी लिहिलं, वॉटर इज स्टिल कमिंग. एका वाफ्यात बारा झाडं असायची. बाराही झाडं मी भिजवली. त्यातलं एकही सोडून पुढं जावं असं मला सुचलंच नाही, कारण वाफा भरला नव्हता. वाफा भरला, मी तोंड बुजवलं, मान वर केली, आणि घंटा झाली. पत्र राहिलं होतं. उताऱ्यावरचे प्रश्न राहिले होते. भाषांतर तर मी पाहिलंसुद्धा नव्हतं.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. लपवायची सवय नव्हती. ते म्हणाले, “भरला का पन वाफा?” मी म्हटलं, हाव, भरला. त्यांनी मान हलवली आणि बैलांना वैरण टाकायला गेले. निकालापर्यंतच्या महिन्याभरात आम्ही दोघंही मळ्यात इंग्रजी बोललो नाही. मी मराठीत ओरडायची, तेही मोजकंच. मामांचा निरोप दोनदा येऊन गेला.

निकाल पेपरात यायचा, आणि पेपर खामगावकडून येणाऱ्या एस.टी.नं चिखलीला. त्या सकाळी बाबांनी माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी बंडीच्या खिशात घातली आणि चालत गेले. माय बाजारात होती. बैल दावणीला, मोट कोरडी. मी वाफ्यात तण निंदत बसले, कारण हाताला काही काम नसतं तर मी वेडीच झाले असते. बारापैकी कितव्या झाडाशी आहे तेही कळत नव्हतं. चिखलीची वाट विहिरीकडून आमच्या मळ्यात उतरते, म्हणजे ते आले तरी मला दिसणार नव्हते. मी फक्त ऐकत होते. मनात एकच होतं: हाक आली तर नंबर आला, नाही आली तर पाट फुटला. ते गप्प येतील याची मी तयारी करत होते. मेहकरचं घर कसं असेल, तिथं वाफे कोणत्या बाजूला असतील, इथपर्यंत मी पोचले होते.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा उसाच्या पलीकडून आवाज आला. नेहमीच्या जागेवरून, थारोळ्याजवळून, पूर्ण छातीचा.

“वाटर इज इस्टिल कमिंग होऽ”

मी खुरपं टाकलं आणि उसातूनच धावले, बाबा त्या दिवशी धावले होते तशी. पानांनी हात कापले. बाबा थारोळ्याच्या काठावर उभे होते, काखेत घडी केलेला पेपर. मी हसत होते आणि रडतही होते. मी म्हटलं, “आला ना बाबा नंबर?”

“नाही आला,” ते म्हणाले. “तिघाजनाइकून वाचून घेतला. मास्तरनंबी पाह्यला. नाही.”

मी तिथंच उभी राहिले. मग मला राग आला, इतका की तसा बाबांवर पुन्हा कधी आला नाही. “मंग ओरडले कायले? आवाज आइकून मले वाटलं, झालं.”

त्यांनी पेपर थारोळ्यावर ठेवला, त्यावर एक दगड ठेवला, म्हणजे उडू नये. मग म्हणाले, “मामाकडून येऊन राह्यलो मी. पेपर पाह्यला अन् आदी तिकडंच गेलो. माहा शब्द वापस मागून घेतला त्याईच्यापासून.”

बाबांनी शब्द परत मागितलेला मी त्याआधी ऐकला नव्हता आणि त्यानंतरही नाही. ज्या घरची मी सून होणार होते, त्या घरी निरोप पोचवायला मामांनी नकार दिला, म्हणून ते काम बाबांनी स्वतःकडं घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी ते चालत मेहकरकडं जाणार होते. हे सगळं मला नंतर मायकडून कळलं. मामा आमच्या घरी पुढं तीन वर्षं जेवले नाहीत.

मी म्हटलं, “तुमीच म्हनले होते, शेवटचं.”

“म्हनलो होतो,” ते म्हणाले. “चुकलं माहं. तू पेपरात बाराही झाडं भिजवली, एक नाही सोडलं. अन् म्या अर्धा वाफा टाकून पुढं जावं? लोक मले माळी म्हनतीन का?”

बाबांनी बैल सोडून आणले, जुंपले, मोट विहिरीत सोडली. ती खाली पाण्यावर आपटल्याचा आवाज आला. मग ते माझ्याकडं न बघता म्हणाले, “जाय आता वाफ्यावर. अन् गप नको राहू.”

मी उसाला वळसा घालून परत गेले, फावडं उचललं, पहिल्या वाफ्याचं तोंड उघडलं. पाट कोरडा होता. बराच वेळ काही आलं नाही. मग वळणावर माती काळी पडली, एक वाळकं पान हललं, आणि त्याच्या मागून पाणी आलं. डोळे भरले होते, त्यामुळं ते हळू येत होतं की जोरात, मला दिसेना. म्हणून जे दिसत नव्हतं आणि तरी आत होतं, ते बाबांचं इस्टिलच मी ओरडले.